पाच पोफळी आणि एक लोटी तेल

मा. जिल्हाधिकारी, जळगाव
आणि मा. जिल्हाधिकारी, धुळे
यांस,

पत्र एक आणि नावं दोन, याचा खुलासा आधी करतो. १९०६ सालापर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. कारभाराला अवजड पडतो म्हणून त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पुढे त्यांचीच नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तुमची कार्यालयं वेगळी, शिक्के वेगळे. आमच्या सोयरिकी मात्र अजून अमळनेर-शिरपूर, पारोळा-धुळे अशाच जुळतात आणि कळण्याची भाकरी दोन्हीकडे सारखीच थापली जाते. मला सांगायचंय तेही हद्दीवर थांबत नाही.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. आता निवृत्त आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. ११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरात आलेली यादी बोट ठेवून वाचली. रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, साल्हेर, आणि तमिळनाडूतला जिंजी. वाचून झाल्यावर म्हणाले, "सर, त्यामा आपलं काहीच नही का?"

साल्हेर आम्हाला सगळ्यात जवळचा, पण तो बागलाणात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. मी म्हटलं, "आपलं शे ना. पन तो किल्ला नही शे."

"मग काय शे?"

"पावती शे," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्या पावतीबद्दलच हे पत्र आहे.

चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण आहे. लोक पाटणादेवी म्हणून ओळखतात. चंडिकेचं देऊळ, नवरात्रात आणि चैत्रात गर्दी, पावसाळ्यात धबधबे, रविवारी मोटारसायकलींची रांग. इथल्या शिलालेखाचा शोध डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लावला आणि १८६५ साली तो विद्वानांपुढे ठेवला. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर. मुंबईत रोगी तपासायचे आणि फावल्या वेळात देशभरचे दगड वाचायचे.

लेख आहे शके ११२८ मधला. श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण चालू असताना दिलेल्या दानाचा. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला. मठ म्हणजे ध्यानाला बसायची जागा असं डोळ्यापुढे येऊ देऊ नका. सिद्धान्तशिरोमणी शिकवायची ती शाळा होती. त्याच ग्रंथाच्या पोटात लीलावती येते, बीजगणित येतं. म्हणजे आमच्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती आणि तिला स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने अनुदान दिलं होतं. गणिताच्या मास्तराला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याचं काय झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पण खरी गंमत शेवटी आहे. वरचा बहुतेक मजकूर संस्कृतात, वंशावळ आणि स्तुतीचा. पैशांची बाब आली की लेख मराठीत उतरतो. आपल्या भाषेतल्या जुन्या कोरीव मजकुरांपैकी हा एक, आणि तो आहे हिशेबाचा. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्याच्यावर राजाला ग्राहकाकडून जे मिळायचं, ते मठाला दिलं. ग्राहकाकडून पाच पोफळी. घाण्याकडून एक लोटी तेल. पोफळ म्हणजे सुपारी. कोकणात अजून हाच शब्द आहे. कुणी कुणाला किती द्यायचं ते देवळातल्या दगडावर, कुणीही यावं आणि पडताळून पाहावं असं कोरून ठेवलं. मठ गेला, बाजार गेला, निकुंभांचं राज्यही गेलं. पावती राहिली.

मी एका वर्षी नववीच्या वर्गात या शेवटच्या ओळी पुस्तकातून उतरवून फळ्यावर लिहिल्या होत्या. पोरं हसली, 'दिन्हला' हा शब्द त्यांना फार विनोदी वाटला. मग मागच्या बाकावरचा एकजण उठला. त्याच्या घरी तेव्हा लाकडी घाणा होता. म्हणाला, सर, 'घाणेयां' म्हणजे आमचाच घाणा ना? हो म्हटलं. मग त्याने विचारलं, लोटी केवढी होती? आता लोटी केवढी ते दगडावर नाही. मी त्याला म्हटलं, तू सांग, तुझे वडील वर्षासन म्हणून किती तेल सोडतील? तो खूप वेळ विचार करत उभा राहिला. घंटा झाली तरी उभाच. पुढच्या आठवड्यात मी त्याच्यावरच उदाहरण घातलं: बाजाराच्या दिवशी इतके ग्राहक आले, प्रत्येकाने पाच पोफळी दिल्या, मठातल्या इतक्या विद्यार्थ्यांना सारख्या वाटल्या, तर उरल्या किती? लीलावतीच्या थाटाचं. सगळ्या वर्गाने सोडवलं. एरवी निम्मा वर्ग पान कोरं ठेवायचा.

त्याच वर्षी सहल नेली. साठ पोरं, एक एसटी, डब्यात पुऱ्या आणि शेवभाजी. तिथे एका जुन्या देवळापाशी निळा फलक होता. संरक्षित स्मारक. नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. तोच घाण्याचा पोरगा फलक वाचून म्हणाला, "सर, दंड किती ते लिहिलंय. आत काय आहे ते कुठे लिहिलंय?"

साहेब, मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन एका कार्यालयाला अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. योग्य तो विभाग कोणता, हे मला अजून शोधायचंय. पाटणला गेलात तर कळेल का ते. वाटेत वनखात्याची हद्द, कारण तो अभयारण्याचा भाग. जुनं महादेवाचं देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. देवीच्या देवळाचा कारभार वेगळा. गाव ग्रामपंचायतीचं, रस्ता बांधकाम खात्याचा, पाणपोई कुणाच्या तरी स्मरणार्थ. प्रत्येकाचं आपापलं चोख असेल, मला शंका नाही. पण ती पावती वाचून दाखवायचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. या सगळ्यांना एका खोलीत बसवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे आहे आणि तो माणूस जिल्हाधिकारी. म्हणून मुंबईला किंवा दिल्लीला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

एकट्या चाळीसगाव तालुक्यात असे तीन दगड. वाघळीचा शके ९९१चा, यादवांच्या सेउणचंद्राच्या काळातला, त्याचा मांडलिक गोविंदराज मौर्य याचा. बहाळला अनंतदेवाचा शके ११४४चा. हा अनंतदेवही भास्कराचार्यांच्याच घराण्यातला आणि सिंघणाच्याच दरबारातला. आणि पाटणचा. बहाळ तर दुहेरी भाग्याचं गाव: गिरणेच्या काठच्या तिथल्या पांढरीवर १९५०च्या दशकात उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. पांढरी हा आमच्याकडचा शब्द. ओसाड पडलेल्या जुन्या गावाच्या टेकाडाला म्हणतात. तिथली माती पिकाला चांगली म्हणून लोक गाड्या भरभरून नेतात. पुरावा शेतात पसरला जातो आणि त्यावर कापूस येतो. यात कुणाला दोष द्यावा मला कळत नाही.

आता धुळ्याकडे वळतो, नाहीतर धुळ्याचे साहेब म्हणतील हे पत्र जळगावचंच आहे.

थाळनेर. शिरपूर तालुका, तापीचा काठ. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७०ला मलिक राजाला ही जहागीर दिली आणि त्यातून फारुकी घराणं उभं राहिलं. खानदेश नावाची सल्तनत इथून सुरू झाली. मलिक राजा १३९९ला गेला, त्याची कबर थाळनेरातच. त्याच्या मुलाने अशीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं, आणि राजधानी हळूहळू तिकडे सरकली. आम्ही स्वतःला 'खानदेशी' म्हणवतो, खानदेशी भरीत म्हणून पुण्या-मुंबईत भाव लावतो. पण हे नाव जिथे तयार झालं त्या घुमटांकडे आमच्यातल्या कितीजणांनी पाहिलंय? त्यातली एक कबर अष्टकोनी आहे, तिच्यावरचं नक्षीकाम जवळ जाऊन पाहावं असं.

किल्ल्याचं फारसं काही उरलेलं नाही; तापीने काठ खाल्ला आणि उरलेलं माणसांनी. पण याच किल्ल्याच्या दारात २७ फेब्रुवारी १८१८ला जे झालं ते शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं. मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला होता. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा काही किल्ला सोडेना. सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने आत शिरल्यावर शिबंदीतली सुमारे तीनशे माणसं कापली आणि किल्लेदाराला फासावर चढवलं. एका तापीकाठच्या गढीत झालेल्या या प्रकारावर लंडनच्या पार्लमेंटातही प्रश्न उठले. आणि ज्यांचं रक्त सांडलं त्यांच्यासाठी इथे साधी ओळ नाही. गावात कुणी आलाच तर लतादीदींचं आजोळ पाहायला येतो. तेही बरोबरच आहे. त्यांच्या आईचं माहेर हेच. तो पाहुणा आलाच आहे तर चार पावलं पुढे नेऊन सोडणारं कुणी हवं.

लोकांना तारीख माहीत असली की ते येतात, याचा दाखला धुळ्याच्या वेशीवरच आहे. लळिंगच्या किल्ल्याखाली लांडोर बंगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ला धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा तिथे थांबले होते. आज दर ३१ जुलैला तिथे माणसांचा समुद्र लोटतो, पाऊस असो नसो. कुठल्याही यादीची, फलकाची वाट न पाहता लोकांनीच तारीख धरून ठेवली. त्या बंगल्याच्या डोक्यावर उभा असलेला फारुकींचा किल्ला त्यामानाने एकटाच असतो.

ही तारीख धरून ठेवायची रीत मला धुळ्याच्या तुरुंगासाठीही हवी आहे. १९३२ साली विनोबा तिथे कैदी होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी इतर कैद्यांपुढे गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि १९ जूनला संपवलं. अठरा अध्याय, अठरा रविवार. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते झरझर लिहून घेत होते. त्या वह्यांतून गीता प्रवचने हे पुस्तक झालं, आणि ते पुढे देशातल्या किती भाषांत गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. एका कैद्याने बोलावं, दुसऱ्याने लिहावं, आणि त्यातून मराठीतलं इतकं वाचलं जाणारं पुस्तक निघावं, अशी जागा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असती तर तिथे काय काय उभं राहिलं असतं! तुरुंग चालू आहे, तिथे रोज जत्रा भरवता येणार नाही, हे मलाही समजतं. पण वर्षातून एक दिवस, २१ फेब्रुवारीला, एका शाळेच्या तीस पोरांना बंदोबस्तात आत नेऊन तासभर बसवता येणार नाही का? योगायोग पाहा, हाच दिवस जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळतात.

कागदांच्या बाबतीत धुळं महाराष्ट्रात श्रीमंत आहे, पण धुळ्याबाहेर हे कुणी मानत नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली बाडं आहेत आणि समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकिरामायण आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेली पानं! मी ती पाहिली तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली बाई हात जोडून उभी होती आणि मी मात्र अक्षराची उंची मोजत होतो. सवय जात नाही. अक्षर वळणदार, ओळी सरळ, खाडाखोड अगदी थोडी. राजवाड्यांना जाऊन २०२६च्या डिसेंबरात शंभर वर्षं होतात, मंडळाचं शतक २०२७ला. शताब्दीच्या नावाने मंडप आणि सत्कार होतील, होऊ द्या. त्यातले थोडे पैसे दमट भिंतींवर आणि बाडं जपण्याच्या कामावर गेले तर राजवाड्यांना जास्त आवडेल. त्यांना मंडपांचा मुळातच तिटकारा होता.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पांझरेवरचे फड.

साक्री तालुक्यात सामोडे, पिंपळनेरच्या बाजूला नदीत दगड-चुन्याचे बंधारे आहेत. तीन-चारशे वर्षांची रीत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन तीन किंवा चार फडांत विभागलेली, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, त्या फडात भुसार तर सगळ्यांचं भुसार. पुढच्या वर्षी पाळी फिरते. त्यामुळे पाणी वाटताना भांडण कमी, कारण शेजाऱ्याच्या पिकाची तहान तुमच्याच पिकासारखी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचं वेतन धान्यात. पाटणच्या पाच पोफळींची ही धाकटी बहीण म्हणा ना. विश्वेश्वरय्या तरुणपणी, १८८४च्या सुमारास, याच भागात सहायक अभियंता होते. पांझरेच्या एका प्रवाहाखालून दातर्तीला नळाचा सायफन टाकण्याचं काम त्यांनी केलं, आणि म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्या लहानशा कामाची आठवण ठेवली. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, काही फड मोडले, काही अजून चालतात. या बंधाऱ्यांना कुणी स्मारक म्हणत नाही, कारण ते अजून वापरात आहेत. आमच्याकडे वापरात असलेली वस्तू वारसा ठरत नाही; आधी ती पडावी लागते.

आणि पडली की उशीर झालेला असतो. एरंडोलजवळच्या फरकांड्याचे झुलते मनोरे पाहा. एक हलवला की दुसरा हलायचा, म्हणून दोन्हीकडे पोरं चढायची. त्या जोडीतला एक कोसळला. एकट्या मनोऱ्याला झुलता म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. ती करामत दोघांची होती.

बाकीची नावं भराभर घेतो, कारण तुम्हाला बैठका आहेत. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ. बळसाण्याची बुराईकाठची देवळं. झाशीच्या नेवाळकरांच्या घराण्याशी जोडलेला पारोळ्याचा भुईकोट, गावाच्या ऐन मधोमध. अमळनेरचं १९१६चं तत्त्वज्ञान मंदिर, जिथे साने गुरुजी शिकले. फैजपूर, जिथे १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं आणि नंदलाल बोसांनी बांबू-झावळ्यांची सजावट उभी केली. ती टिकण्यासाठी केलेलीच नव्हती, पण ती जागा तर आहे. जळगावातला चौधरी वाडा, बहिणाबाईंचा. भुसावळात रॉबर्ट गिलची कबर. त्याने अजिंठ्याची चित्रं उतरवण्यात उमेदीची वर्षं घातली, त्यातली बहुतेक १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, आणि तो स्वतः १८७९ला आमच्या उन्हात संपला. अजिंठ्याला जाणारे कित्येक पाहुणे जळगावला उतरतात. भुसावळ तिथून अर्ध्या तासावर.

आणि आमच्या चाळीसगावच्या स्टेशनालगत केकी मूस यांचं घर. पारशी माणूस, जन्म मुंबईचा, १९१२चा. विलायतेत कला शिकून आले, आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत. आत बसून फोटो काढले, चित्रं केली, कागद घड्या घालून शिल्पं केली. पंजाब मेल आली की त्यांचं दार उघडं असायचं अशी गावात गोष्ट आहे. खरी-खोटी कुणी तपासलेली नाही, तपासूही नये. १९८९च्या ३१ डिसेंबरला वारले, राजवाड्यांच्याच तारखेला. ते घर पाहायला परदेशातून माणसं येतात आणि रिक्षावाल्याला पत्ता विचारतात. रिक्षावाला म्हणतो, "तो घरात बसेल बाबा?" आणि बरोबर सोडतो. माहिती केंद्र म्हणजे सध्या तोच.

आता मागणं. ते मोठं नाही.

जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्क्यांपर्यंतचा पैसा गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी ठेवता येतो. नियोजन समितीचे सदस्य-सचिव तुम्हीच. माझी अडचण 'संरक्षित' या शब्दापाशी आहे. या शब्दात चांगदेवाचं देऊळ बसतं, थाळनेरच्या कबरी बसतात. फड बसत नाही, मूसांचं घर बसत नाही, तुरुंगातली ती जागा बसत नाही, बहाळची पांढरी कशीबशी बसेल. आमच्या मुलखातलं उत्तम ते नेमकं यादीबाहेर राहतं, कारण ते राजांनी बांधलेलं नाही. बाजाराने, शेतकऱ्यांनी, कैद्यांनी, एका एकलकोंड्या माणसाने केलेलं आहे. तेव्हा आधी दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच नोंदवही करा. तहसीलदारांकडून मागवू नका, ते जुन्या गॅझेटियरमधली पानं नक्कल करून पाठवतील आणि त्यांचा तरी काय दोष. प्रत्येक तालुक्यात दोन-दोन निवृत्त मास्तर मोकळे आहेत, त्यांना विचारा. आम्ही फुकट लिहून देऊ. फक्त चहा तुमचा.

दुसरं, फलक. दंडाचा निळा फलक राहू द्या. त्याच्या शेजारी एक असा लावा, ज्यावर आत काय आहे ते दहावी झालेल्या पोराला कळेल अशा मराठीत लिहिलेलं असेल. पाटणला शिलालेखाच्या मराठी ओळी जशाच्या तशा मोठ्या अक्षरांत, आणि खाली आजच्या भाषेत. थाळनेरला त्या तीनशे माणसांसाठी चार ओळी. सामोड्याला पाटाच्या तोंडाशी फडाची पाळी कशी फिरते त्याची आकृती. ती मी काढून देतो, कंपास अजून आहे माझ्याकडे.

तिसरं तुरुंगाचं, ते वर सांगितलं.

आणि एक निमंत्रण. पाटणचं दान श्रावणी पौर्णिमेला दिलेलं आहे. त्या दिवशी तुम्ही दोघांनी तिथे यावं. लाल दिव्याची गाडी आता बंद झाली ते बरंच झालं, साध्या गाडीने या, वाटेत रस्ता निसरडा असतो. भाषण नको. माझा तो घाण्याचा विद्यार्थी आता चाळीसगावला तेलाचं दुकान चालवतो, त्याला मी सांगून ठेवलंय. तो लोटीभर तेल आणणार आहे. सुपाऱ्या माझ्याकडे. फलक तुम्ही आणा.

आपला,
चाळीसगाव तालुक्यातला एक निवृत्त गणितशिक्षक